डाव्या पात्याची आतली कड

पोर्ट डेलानी,
१४ डिसेंबर

प्रिय वॅसिल,

सव्वीस सामने झाले. तेरा जिंकले, तेरा हरलो. आपला स्टर्जन्स आइस हॉकी संघ ना धड वर, ना धड खाली, मधोमध लोंबकळतोय. अकरा महिन्यांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात अशी करायची, म्हणजे तू कपाळाला हात लावणार. आमच्या हिने, हेल्मीने, लावलाच. माझ्या खांद्यावरून वाकून वाचलंन आणि म्हणाली, "आधी माणसाला कसा आहेस ते तरी विचार. एवढ्या वर्षांचा मित्र तो, त्याला काय पेपरातला रकाना पाठवतोयस?"

तर, कसा आहेस? लारिसाकडे तुझं बरं चाललंय ना? यॉर्कटनला आमच्यापेक्षा वारा जास्त असं ऐकतो. लेकीच्या घरी पहाटे पाचला उठून भांडी आपटत नसशील अशी आशा आहे. धान्याच्या कोठारावरची पाळी संपून सहा वर्षं झाली तुझी, हे तुझ्या पायांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आता संघाचं. हॅवर्टी गोलमध्ये उभा आहे म्हणून आपण निम्मे तरी सामने जिंकलो. एकटा माणूस किती वाचवणार? बचावात एक नवीन स्वीडिश पोरगा आणलाय, लिंडेल. उंच, गोरा, नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा. पक त्याच्याकडे आला की आधी तो त्या रबरी चकतीला नीट न्याहाळतो, ओळख करून घेतो, तोवर समोरचा ती घेऊन पसार. कप्तान मॉरिसेट चौतिशीला आलाय. वळताना त्याचे गुडघे वाजतात ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतं. आणि पॉवर प्लेचं तर विचारूच नकोस. समोरचा एक गडी शिक्षेला बसलेला, आपण पाच, ते चार, आणि आपले लोक पक एकमेकांना असा देतात, जणू ताटातलं शेवटचं पियरोगी कुणी घ्यायचं यावर आग्रह चाललाय. एक्केचाळीस वेळा संधी मिळाली, तीन गोल झाले.

चार नंबरचा शर्ट या वर्षी कुणाला दिला ते लिहीत नाही. दिला, एवढंच सांगतो.

तुझी खुर्ची तशीच आहे. माझ्या शेजारी, तिसऱ्या रांगेत. मी तिच्यावर कोट ठेवतो. मागच्या रांगेतली बाई दर वेळी विचारते, "कोणी येणार आहे का?" मी म्हणतो, "वाटेत आहे." तिने आता विचारायचं सोडलं.

गेल्या जानेवारीत तू दवाखान्यात पोराच्या उशाशी बसला होतास तेव्हा मी आलो नाही. माझी पाठ धरली होती. नंतर तू यॉर्कटनला निघालास त्या दिवशीही मला नीट उभं राहता येत नव्हतं. तू हेल्मीला दारातूनच म्हणालास म्हणे, की ऑस्मोला खेळणारा ब्रेडन हवा होता, पडलेला नको. तसं नव्हतं, वॅसिल. पण तुला तसं वाटलं तर मी काय म्हणणार?

ब्रेडनचा गुडघा कसा आहे? कळव.

तुझा,
ऑस्मो


९ जानेवारी

प्रिय वॅसिल,

परवा तुमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळाच्या दिवशीच कार्ड हातात पडलं. हेल्मीने ते फ्रिजवर लावलंय. अक्षर लारिसाचं होतं. तू सही तरी केली असतीस. असो, पत्र वाचलंस हे तिने लिहिलं, त्यावर मी समाधान मानून घेतो.

पण कार्डाच्या मागच्या बाजूला तिने जे लिहिलंय ते वाचून माझा चहा गार झाला. "बाबांपुढे ब्रेडनचं नाव काढायचं नाही असं त्यांनी बजावलंय. दोघं वर्षभर बोललेले नाहीत. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं, काका." मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की तू माझ्यावर रुसून गेलास आणि पोर तुझ्याबरोबर आहे. तो तिकडे ब्रँडन गावी एकटा राहतो आणि तू अडीचशे किलोमीटरवर असूनही कधी गेला नाहीस, हे मला एका कार्डाच्या पाठीवर कळावं?

मी हे कळल्यावर काय केलं सांगू? नेहमीप्रमाणे, स्केटला धार लावायचं माझं दुकान उघडण्याआधी, डोनटवाल्याकडे जाऊन बसलो. तिथे आमची सकाळची संसद भरलेली होती. लायनेल बोलत होता. शहराची बस चालवायचा तेव्हाही तो तोंडानेच जास्त चालवायचा. संघात कोण ठेवावा, कोणाला विकावं याची त्याची यादी रुमालाच्या कागदावर लिहून तयार.

"लिंडेलला परत बोटीत बसवा," तो म्हणाला. "मॉरिसेटला खुर्ची द्या आणि कॉफी द्या. हॅवर्टीला सोडून बाकी सगळे गेले तरी मला झोप लागेल."

मी म्हटलं, "मग खेळणार कोण? तू?"

"मी खेळलो तर निदान वेगाने पडेन, धारवाले. आपला ब्रेडन प्रोकोपचुक असता तर ही वेळ आली नसती. चार नंबर. तो पोरगा आत्ता वरच्या लीगमध्ये असता."

मग लायनेलच पुढे म्हणाला, "त्यानेच घात करून घेतला. संघ काय सांगतो? 'शरीराच्या खालच्या भागाला दुखापत.' बस. अंगठा की कंबर, ते आईलाही सांगत नाहीत. का, तर समोरच्याला कळलं की तो बरोबर तिथेच घाव घालतो. आणि याचं तर संघालाही ठाऊक नव्हतं, इतकं झाकून ठेवलं होतं. मग आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ते आलं कुठून? की चार नंबरचा डावा गुडघा गेलाय? पोरानेच बिअर पिऊन कुठेतरी तोंड उघडलं असणार. त्याचा बापही हेच म्हणतो."

"कोण म्हणालं तुला?" मी विचारलं.

"वॅसिलच. जाताना भेटला होता बस स्टँडवर."

माझ्या हातातलं डोनट मी परत बशीत ठेवलं. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं हे खरं आहे. ज्याने लिहिलं त्याचा हेतू वाईट नसेलही. एवढंच मला आज म्हणता येतंय.

गेल्या पाच सामन्यांत एकच जिंकलो. हॅवर्टी दमलाय.

तुझा,
ऑस्मो


२० जानेवारी

प्रिय वॅसिल,

नाव काढायचं नाही असं तू सांगितलंयस. मी काढणार. तुला नको असेल तर हे पत्र इथेच मिटव आणि लारिसाला शेगडी पेटवायला दे.

शनिवारी संघाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला होता. पंचवीस वर्षांच्या पोराला जुना खेळाडू म्हणून बोलावतात, यावरून काय ते समज. सकाळी दुकानाचं दार ढकलून ब्रेडन आत आला. खांद्यावर ही एवढी पिशवी. मी म्हटलं, स्केट आणलेस की काय? त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. चौदा जोड्या होत्या, सगळ्या माझ्या तळहाताएवढ्या.

"माझ्या मुलांचे आहेत," तो म्हणाला. "दहा वर्षांखालची टीम. सकाळी रिंकवर बर्फ सपाट करायचं यंत्र चालवतो, संध्याकाळी यांना शिकवतो."

"तिकडे धार लावणारा मेला का?"

"आहे ना, काका. पण तो पाती खातो. एका महिन्यात निम्मी करतो."

मी चाक सुरू केलं. तो त्याच्या स्टुलावर बसला, तोच, खिडकीजवळचा. सहा वर्षांचा होता तेव्हा त्यावर चढायला त्याला खोकं लागायचं. आता डावा पाय सरळ लांब ठेवून बसतो. पायरीवरून उतरतानाही आधी उजवा टाकतो. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून मी घाईघाईने संघाचा विषय काढला. माझं तसंच आहे. तुला माहीत आहे.

"त्या लिंडेलचं काय करायचं सांग. आम्ही सगळे त्याला हाकलायला बसलोय."

"कशाला? चांगला आहे तो. डावरा आहे, काका. तुम्ही बघितलं नाही? त्याला उजव्या बाजूला उभा करतायत. पक प्रत्येक वेळी त्याच्या उलट्या हाताला येतो. बाजू बदलून द्या, महिनाभरात बघा."

वॅसिल, दीड महिना मी त्या पोराला नावं ठेवत होतो. तुलाही लिहिलं, शर्टासारखा वगैरे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आपण तिसऱ्या रांगेत बसून सगळं दिसतं म्हणतो, पण आपल्याला काही दिसत नाही.

मग त्यानेच विचारलं, "बाबा लिहितात तुम्हाला?"

"मी लिहितो. तो लिहीत नाही."

"मला फोनही करत नाहीत."

"का रे पोरा?"

तो सहज सांगत होता, कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं. तू दवाखान्यात त्याला दोन गोष्टी विचारल्यास म्हणे. दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही मला खेळू दिलं नसतं, आणि वरच्या लीगचे लोक बघायला येणार होते. मग तू विचारलंस, कुणाला सांगितलंस? तो म्हणाला, बिअर पिताना बोललो असेन कुणाजवळ. त्यावर तू म्हणालास, "बापापासून लपवलंस आणि बारमध्ये परक्याला सांगितलंस." आणि टोपी घेऊन बाहेर पडलास.

मी चाक बंद केलं. विचारलं, "पण खरंच बोलला होतास का कुणाजवळ?"

त्याने एक स्केट उचलला, उलटा केला, आणि अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. मीच शिकवलंय त्याला तसं.

"आठवत नाही, काका," तो म्हणाला. "वर्ष झालं त्याला." आणि माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. समोरच्याला उत्तर सुचावं म्हणून थांबतो ना माणूस, तसा.

मी चाक पुन्हा सुरू केलं.

चौदा जोड्या मी सावकाश केल्या. तो गेल्यावर हेल्मी आतून आली आणि म्हणाली, "एवढं वाईट तोंड करून कोणी पोरांचे स्केट करतं का?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की माझी पाठ धरली होती. पाठ धरली नव्हती.

ऑस्मो


३ फेब्रुवारी

वॅसिल,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्ही वेळा संघाबद्दलच दोन पानं भरली आणि जे लिहायचं ते कडेला राहिलं. म्हणून आज आधी तेच.

ग्रुपवर ते मी लिहिलं. तिथल्या ट्राउट-५२ या टोपणनावामागे मी आहे. हेल्मीच्या भाच्याने मला ते नाव लावून दिलं होतं, मी बावन्न सालचा म्हणून. ब्रेडन कुणाजवळ बोलला नाही. बारमध्ये नाही, कुठेच नाही. माझ्याजवळसुद्धा नाही.

मला ते कसं कळलं, ते ऐक. स्केटच्या पात्याला मधोमध खोबण असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा, हे मी तुला हजार वेळा सांगितलंय आणि तू हजार वेळा जांभई दिलीस. पुढे जायला माणूस आतल्या कडेने बर्फ ढकलतो, म्हणून ती आधी बोथट होते. संघाचा स्वतःचा धारवाला असूनही ब्रेडन दर मंगळवारी त्याचे स्केट माझ्याकडे आणायचा, लहानपणाची सवय म्हणून. गेल्या मोसमात, डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी त्याचा डावा स्केट हातात घेतला, आणि आतली कड जशी मी लावून दिली होती तशीच होती. आठवड्यात तीन सामने खेळून. उजवी मात्र पार गेलेली. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पोरगा डाव्या पायाने ढकलतच नव्हता.

मी म्हटलं, "ब्रेडन, हा पाय काय म्हणतोय?" तो म्हणाला, "काही नाही, काका, तुम्ही धार लावा." एवढंच. पण त्याने ते म्हणताना दाराकडे बघितलं, आणि मला कळलं. मी तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. तू चार घरं सोडून राहत होतास. मी आलो नाही, कारण तू त्याला बसवला असतास, आणि मलाही तो वर जायला हवा होता. तू दारात हेल्मीला जे बोललास त्यात एवढं खरं आहे. हे मी तुला पहिल्यांदाच कबूल करतोय.

मग जानेवारी आला. तुला ते सामने आठवतात. पोरगा बचावात, आणि त्याच्या बाजूने दहा सामन्यांत कितीतरी गोल झाले, आणि मागच्या रांगांतून ओरडा सुरू झाला. आळशी. लाडावलेला. विकून टाका. तू माझ्या शेजारी बसून पुढे बघत असायचास. डब्यातली पियरोगी तशीच राहायची. एकदा कुणीतरी म्हणालं, याच्या बापाने याला पळायला शिकवलं नाही का, तेव्हा तू टोपी डोळ्यांवर ओढलीस. तुझी मान मी कधी अशी खाली गेलेली बघितली नव्हती. तू संपात सात महिने बिनकामाचा होतास तेव्हाही नव्हती तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रुप उघडला. तिथे तर विचारूच नकोस. अर्धा मोसम झाला म्हणून एकेका खेळाडूला गुण द्यायचे चालले होते, शाळेसारखे. ब्रेडनला कुणी दोन दिले, कुणी शून्य. एकाने लिहिलं, घाबरट आहे, अंगावर घेत नाही. माझं डोकं फिरलं. मी दोन बोटांनी टायपत बसलो. लिहिलं, की तुम्हा मूर्खांना काही कळत नाही, तो पोरगा महिनाभर एका पायावर खेळतोय, डावा गुडघा गेलाय त्याचा, पात्याची आतली कड बघा, नवीकोरी राहते, आणि तरी तो दर सामन्याला उतरतो, तुमच्यातल्या कुणाची छाती आहे का तशी? आणि पाठवून दिलं. मला वाटलं, झालं, आता तोंडं बंद होतील. झाली पण. सगळ्यांनी माफी मागितली, वॅसिल. चाळीस लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले. त्या दिवशी मी जेवताना दोनदा भाजी मागून घेतली.

एकाही क्षणी माझ्या मनात आलं नाही की ते वाचणारे फक्त आपलेच नसतील. साठ वर्षं हा खेळ बघतोय मी. पाय दुखतो हे बर्फावर दाखवायचं नाही, हे मी तुझ्या पोराला तो सात वर्षांचा असताना शिकवलं.

तीन दिवसांनी सेंट ऑबिनचा संघ आला. तू म्हणालासही पहिल्या सत्रात, आठवतंय? "हे सगळे पक त्याच्या डाव्या कोपऱ्यातच का टाकतायत रे?" मी म्हटलं, "योगायोग." योगायोग नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुन्हा पुन्हा त्यांनी पक त्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात टाकला, म्हणजे त्याने डाव्या पायावर वळावं. त्यांनी काही नियम मोडला नाही. पंचाने एकदाही शिट्टी वाजवली नाही. तिसऱ्या सत्रात तो अठराव्यांदा की विसाव्यांदा वळला, मागून त्यांचा गडी येऊन आदळला, आणि तो उठला नाही. तू कठड्यावरून उडी मारून गेलास. मी बसून राहिलो. पाय उचलेनात. नंतर दवाखान्यात, तुझ्या घरी, बस स्टँडवर, कुठेच उचलले नाहीत.

मी परवा ब्रेडनला फोन केला. म्हटलं, तुझ्या बापाला लिहितोय सगळं. तो म्हणाला, "नका लिहू, काका."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आतली कड बघा, असं दुसरं कोण लिहिणार? पूर्ण गावात कुणी लिहील का तसं?"

"मग बापाला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? गुडघा परत आला असता? त्यांना तुम्ही एकच मित्र आहात. मी मुलगा आहे, माझ्यावर चिडतील तर किती दिवस चिडतील, असं वाटलं. वर्ष जाईल असं वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "त्याला तू आहेस. मी नसलो तरी चालेल."

तिकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. सर्दी असेल.

म्हणजे गुडघा त्याने गमावला, वरची लीग त्याने गमावली, आणि वर माझ्या वाट्याचा तुझा रागही त्यानेच घेतला. मी एकाहत्तर वर्षांचा घोडा, वर्षभर तो राग त्याच्या डोक्यावर राहू दिला. मला ठाऊक नव्हतं म्हणेन, तर गेल्या कार्डापासून ठाऊक होतं. तरी महिना काढला.

काल हेल्मीला सांगितलं. ती लोकर विणत होती. तिने विणायचं थांबवलं नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं असं काहीतरी. तू भाजी दोनदा कधी घेतोस?" मग म्हणाली, "आता लिही, पाकीट चिकटव आणि मी बघतेय तोवर टाकून ये."

ग्रुपवरही लिहिलं, माझ्या पूर्ण नावाने. दोनच जणांनी उत्तर दिलं. एकाने विचारलं, कोण प्रोकोपचुक? दुसऱ्याने लिहिलं, जुनं झालं ते, आजोबा, लिंडेलला विकायचं का ते बोला. लायनेलने मात्र वाचलं. आज सकाळी डोनटवाल्याकडे गेलो तर माझ्या खुर्चीवर त्याने आपली पिशवी ठेवली होती. मी उभ्यानेच कॉफी घेतली.

मला उत्तर लिहू नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही ते पुढच्या जन्मी ठरव. पण हे पत्र वाचून झालं की फोन उचल आणि ब्रँडनला लाव. नंबर खाली लिहिलाय. त्याने बदललाय तो, तुझ्याकडे नसेल. संध्याकाळी सहापर्यंत तो मुलांबरोबर बर्फावर असतो. त्यानंतर लाव.

ऑस्मो


६ मार्च

वॅसिल,

तू काही लिहिलं नाहीस. बरोबर आहे.

हे पत्र फक्त रविवारी काय झालं ते सांगायला. तुला त्यातलं निम्मं माहीत आहे, निम्मं नसेल.

दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. ब्रेडन होता. आवाज हळू. "काका, बाबा आलेत. गुरुवारपासून इथेच आहेत."

मी विचारलं, "कसा आला?"

"लारिसाची गाडी घेऊन. बर्फ पडत होतं तरी. आल्या आल्या माझं स्वयंपाकघर आवरायला घेतलं."

"काही बोलला?"

"पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मुलांचा सराव बघायला रिंकवर आले. परत येताना गाडीत बोलले." पुढे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते तुम्हा दोघांचं आहे.

मग मी विचारू नये ते विचारलं. "माझ्याबद्दल?"

"तुमचं नाव नाही काढलं, काका."

"बरं," मी म्हटलं. "बरं झालं."

तेवढ्यात मागून तुझा आवाज आला. तेरा महिन्यांनी ऐकला. "कुणाशी बोलतोयस रे?"

ब्रेडन म्हणाला, "ऑस्मोकाका आहेत."

भांडी घासायचा आवाज चालला होता तो थांबला. मी फोन कानाला इतका घट्ट धरला होता की नंतर कान दुखला. मग नळ पुन्हा सुरू झाला आणि तू म्हणालास, "शुक्रवारी खेळाडूंची खरेदी-विक्री बंद होतेय. त्या मॉरिसेटला त्याआधी विकलं नाही तर हे स्टर्जन्सवाले गाढव आहेत."

ब्रेडन म्हणाला, "काय बाबा, तुम्ही पण. कप्तानाला विकतात का?"

"कप्तान आहे म्हणून काय लोणच्यात घालायचा?"

"आणि लहान पोरांना कोण सांभाळणार? लिंडेल आत्ता कुठे खेळायला लागलाय. बाजू बदलल्यापासून बघितलंत का?"

"बघितलं. रेडिओवर बघितलं."

"रेडिओवर काय बघितलंत तुम्ही?"

ब्रेडनने फोन टेबलावर ठेवला असावा, कारण आवाज दूर गेले. पण त्याने तो बंद केला नाही. हात हलवून बोलायला त्याला दोन्ही हात लागतात, तुझ्यासारखेच. तुम्ही दोघं भांडत होता. मधे हसलातही, एकदा, आधी तो आणि मग तू. मला असं वाटलं की तू जरा जास्तच मोठ्याने बोलत होतास, शेजारच्या खोलीत कुणी असल्यासारखं. पण माझे कान आता भरवशाचे राहिले नाहीत, म्हणून त्यावर मी काही धरून चालत नाही.

हेल्मी दारात येऊन उभी राहिली. मी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मग तिकडे कुणीतरी फोन ठेवला. तू की तो, कळलं नाही.

मॉरिसेटच्या बाबतीत तू साफ चुकत होतास. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, आकड्यांसकट. मी ऐकत बसलो. इथेही लिहीत नाही.

ऑस्मो